सरपंच नसलेलं गाव

अंजूरफाट्याकडून कामतघरला येताना गाव नेमकं कुठे सुरू झालं ते कळत नाही. कानात यंत्रमागांची खडखड, दोन्ही अंगांना इमारती, आणि मग एकदम वऱ्हाळादेवीचा तलाव. पाणी दिसलं की गाव आलं म्हणायचं. काठावर देवीचं देऊळ, तलावालाही नाव तिचंच. भिवंडीतले कितीतरी गणपती इथे विसर्जनाला येतात, आणि शहराच्या नळांना थोडं पाणीही याच तलावातून जातं. असा तलाव राखायचा कोणी? उत्तर सोपं आहे: महापालिकेने. पण देवी गावाची आहे, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

कामतघर आज भिवंडी-निजामपूर महापालिकेत आहे. ही महापालिका 2001 ची. 2011 च्या जनगणनेत तिच्या हद्दीत 7,09,665 माणसं होती आणि सभागृहात जागा 90. थोड्याच अंतरावर पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही गावं मात्र ग्रामपंचायतीची. मुंबईची जकात 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत चालू होती. ती चुकवून माल मुंबईच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दारात ठेवायचा, तर या गावांसारखी जागा नव्हती. भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली ती या हिशोबाने. त्या गोदामांची घरपट्टी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, चढते. आपल्याकडे शहर आणि गाव यांतला फरक डोळ्यांनी शोधू नये. तो दप्तरात असतो.

सगळ्यात मोठा फरक ग्रामसभेचा. ग्रामपंचायतीचा कायदा 1958 चा. त्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा गावोगाव पाठ असतात. नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा. गणसंख्या मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जी कमी असेल ती. एवढीही माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अटच नाही! या एका पळवाटेवर किती ठराव 'सर्वानुमते' झाले असतील ते ग्रामसेवकच जाणे. तरीही गटार का तुंबलं, दिवाबत्तीचा पैसा कुठे गेला, हे सरपंचाला तोंडावर विचारायची जागा हीच. थकबाकीदाराची तर आणखी पंचाईत: कराचं मागणी बिल मिळून तीन महिन्यांत पैसे न भरणारा ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरू शकतो.

गाव महापालिकेत आलं की ही ग्रामसभा जाते. तीन लाखांवरच्या शहराला राज्यघटनेने प्रभाग समिती दिली, महाराष्ट्राने 2009 मध्ये मतदारांच्या क्षेत्रसभेचीही तरतूद केली. पण ही क्षेत्रसभा बहुतेक शहरांत कागदाबाहेर आलीच नाही. नगरसेवकाच्या कार्यालयात अर्ज देता येतो. चारचौघांत उभं राहून हिशोब मागणं ही वेगळी गोष्ट.

मग उरते ती गावकी, गावकऱ्यांनी आपसांत चालवलेली व्यवस्था. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गावांत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तिला नोंदवहीचा ठरावीक नमुना नाही. घरटी वर्गणी निघते, जत्रा होते, देवळाला रंग लागतो. लग्नाला गावकीची भांडी मिळतात आणि मयताला न बोलावता माणसं येतात. महापालिकेचा ठेकेदार यायच्या आत देवळापुढचा चिखल बहुधा गावकीनेच उपसलेला असतो.

तिचं उगाच कौतुक मात्र नको. याच गावकीने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं वाळीत टाकली आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा महाराष्ट्राला करावा लागला, तो उगीच नाही. गावकीच्या बैठकीत बाईचा आवाज क्वचितच ऐकू येतो. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. मला निवड करायची झाली तर मी तहकूब होणारी, कंटाळवाणी ग्रामसभाच निवडीन. तिचं इतिवृत्त तरी मागता येतं.

तुमच्या गावाला अजून सरपंच असेल, तर पुढच्या तारखेला वेळेवर जाऊन बसा. सभा तहकूब व्हायच्या आत.