साधा नाश्ता

‘सुट्टीत काय केलेस?’ हा प्रश्न जून महिन्यात कॉलेजच्या कट्ट्यावर प्रत्येकाला विचारला जातो. यंदा माझे उत्तर चार शब्दांचे होते : ‘लोकांना नाश्ता वाढत होतो.’ मित्र हसले. आमच्या एका सरांनी मात्र, ‘मग तेच लिहून दे अंकासाठी,’ असे सांगितले. म्हणून हा प्रपंच.

माझे गाव राहाता तालुक्यात, शिर्डीपासून सायकलच्या टप्प्यात. पुढच्या वर्षाची फी आणि पुस्तके यांची सोय व्हावी म्हणून मी एप्रिल-मे असे दोन महिने शिर्डीतल्या एका रिसॉर्टच्या भोजनगृहात सकाळच्या पाळीला काम धरले. पहाटे साडेचारला घर सोडायचे, पाचला अंगावर एप्रन चढवायचा आणि अकराला सुटायचे.

शिर्डी म्हटले की साईबाबांची समाधी डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. १९१८ साली विजयादशमीला बाबा समाधिस्थ झाले, तेव्हापासून लोकांची रीघ चालू आहे. पण आता येथे येणारे लोक केवळ दर्शन घेऊन परत जात नाहीत. येथे जलक्रीडेचे ‘वेट एन जॉय’ आहे आणि ‘साईतीर्थ’ नावाचे थीम पार्कही आहे. थीम पार्क म्हणजे एकच विषय धरून उभारलेली करमणुकीची नगरी. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडले आणि ही कल्पना जगभर पसरली. आपल्या महाराष्ट्रात गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. हे इमॅजिका २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे आले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साईतीर्थचा विषय अर्थात भक्तीचा आहे. तेथे पाळण्यांऐवजी तीर्थयात्रा आणि लंकादहन यांचे देखावे आहेत.

अशा ठिकाणी उतरलेल्या पाहुण्याची सकाळ मोठ्या घाईची असते. तिकीट दिवसाचे असते, मुले हट्टाला पेटलेली असतात, आणि उद्यानात घरचे डबे सहसा नेऊ देत नाहीत. त्यामुळे खोलीच्या भाड्यात धरलेला नाश्ता पोटभर करून निघावे, असा प्रत्येकाचा हिशेब असतो. या नाश्त्याला कपड्यांचे बंधन नाही की वाढप्याची वाट पाहणे नाही. कोणी रात्रीच्या पायजम्यात येतो, कोणी पोहण्याच्या चड्डीत. ताटली घ्यावी, हवे ते वाढून घ्यावे, हव्या त्या खुर्चीवर बसावे. दिसायला अगदी साधा मामला!

हा साधेपणा कसा तयार होतो, ते पडद्यामागून पाहिले पाहिजे. साडेपाचला आमचे आचारी कांदा चिरायला बसत. पोहे भिजवणे हे सर्वांत नाजूक काम. जाड पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे. पाणी जास्त झाले तर लगदा, कमी झाले तर खडे. वाढपाच्या टेबलावर स्टीलची मोठी भांडी गरम पाण्याच्या तसराळ्यांत बसवलेली असतात आणि खाली मंद ज्योत असते. शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर राहिले पाहिजे, कारण त्याखाली रोगजंतू झपाट्याने वाढतात. पण याच उष्णतेने पोहे वाळतात, उपमा घट्ट होतो आणि झाकणाखाली पुऱ्या वाफेने चामट होतात. या परीक्षेत टिकते ती फक्त इडली. म्हणून चांगला आचारी एकदम मोठा घाणा काढत नाही. थोडे करतो, संपत आले की पुन्हा करतो. पाहुण्याला भांडे कधी रिकामे दिसत नाही, त्याचे कारण आत कोणी तरी दर वीस मिनिटांनी कढई चढवत असतो.

टेबलावर आपला जिल्हा किती आहे, याचाही मी विचार करी. चहातली साखर आपली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून या पट्ट्यात ऊस आणि साखर म्हणजे घरचीच गोष्ट. दूध आपले, कांदा आपला, राहात्याचे पेरू तर नावाजलेलेच. मात्र ज्यावर हा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या जगला, त्या ज्वारी-बाजरीचा टेबलावर मागमूस नव्हता.

ही गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली ती आजीने. आणि तो प्रसंग सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

मामा मुंबईला असतात. सुट्टीत मी ‘कॉम्प्युटरचा कोर्स करतो आहे’ असे त्यांना सांगायला मी आईला भाग पाडले होते. ताटल्या उचलण्याची लाज वाटत होती, दुसरे काय! मे महिन्यात मामा, मामी, दोन्ही मामेभावंडे आणि आजी शिर्डीला आली. मुलांना पाण्यातल्या घसरगुंड्यांवर जायचे होते, म्हणून आमच्याकडे न उतरता ती मंडळी रिसॉर्टवर उतरली. कोणत्या, ते मी विचारले नव्हते. सकाळी आठला दारातून ती आत शिरताना दिसली आणि मी चहाच्या मोठ्या थर्मासच्या आड झालो.

मुलांनी ताटल्या भरल्या. इडली, पुरी, उपमा, पाव, केक, सगळे एकावर एक. आजी मात्र रिकाम्या हाताने बसून राहिली. कोणी तरी वाढायला येईल, असे तिला वाटत असावे. आपल्याकडे पाहुण्याने स्वतः उठून वाढून घेणे म्हणजे यजमानाचा अपमान. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मामा-मामी मुलांच्या मागे होती. शेवटी मला राहवले नाही. मी ताटलीत गरम पोहे घेऊन तिच्यापुढे ठेवले.

तिने वर पाहिले. ‘तू हितं रं कसा?’

‘काम करतोय, आजी.’

मला वाटले, आता सगळ्यांसमोर शोभा होणार. पण तिने एप्रनला हात लावून पाहिला आणि विचारले, ‘पहाटे काही खाऊन निघतोस का?’ मग टेबलाकडे नजर टाकून म्हणाली, ‘एवढं सगळं मांडलंय, आन्‌ भाकरी कशी न्हाई?’

मामा आले. माझ्याकडे पाहून क्षणभर गोंधळले, मग पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘अरे, सांगायचंस की! मीसुद्धा कॅन्टीनमध्ये कपबशा विसळून शिकलोय.’ ही गोष्ट त्यांनी आम्हांला कधी सांगितली नव्हती. लाज वाटण्याची परंपरा घराण्यातच होती म्हणायची.

मुले पळाली. त्यांच्या ताटल्यांत तीन इडल्या, चार पुऱ्या आणि अर्धा केक उरला होता. मी त्या उचलू लागलो, तर आजीने हात धरला. ‘कुठं नेतोस?’ मी खरे सांगितले. उष्टे सगळे पिंपात जाते. ती काही बोलली नाही. तिने त्या पुऱ्या पदराखाली रुमालात बांधल्या. दुष्काळाच्या वर्षी, १९७२ साली, ती खडी फोडायला जात होती. तिला पिंपाची गोष्ट सांगणारा मी, मलाच ती गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

वाचकहो, येथे पाहुण्यांना दोष देऊन भागणार नाही. ठरावीक पैशांत हवे तितके खा म्हटले की डोळे पोटापेक्षा मोठे होतात. हा मनुष्यस्वभाव आहे. नॉर्वेमधल्या हॉटेलांत केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ताटल्यांचा आकार थोडा लहान केला तेव्हा वाया जाणारे अन्न सुमारे एक-पंचमांशाने घटले. ‘पुन्हा पुन्हा या, थोडे थोडे घ्या,’ अशा अर्थाची पाटी लावल्यावरही जवळजवळ तेवढाच फरक पडला. एकदाच भरून घेण्याची घाई ‘संपेल’ या भीतीतून येते. ती भीती गेली की माणूस बेताने घेतो.

आणि हे शिकायला नॉर्वेला जाण्याचीही गरज नाही. शिर्डीतच संस्थानचे प्रसादालय आहे. त्याच्या छपरावर २००९ पासून सूर्यकिरण एकवटणाऱ्या ७३ तबकड्या बसवलेल्या आहेत आणि त्या उन्हाच्या वाफेवर हजारो लोकांचे अन्न शिजते. तेथे पंगत बसते आणि वाढपी विचारून वाढतो. त्यामुळे मागाल तेवढेच ताटात पडते. स्वतः बाबा मोठ्या हंडीत अन्न शिजवून लोकांना वाढत, असे ‘श्रीसाईसच्चरिता’त आले आहे. बाबांनी खिरापतीसारखे वाढलेले अन्न कोणी टाकले असेल, असे मला वाटत नाही.

‘नाश्ता’ हा शब्द फारसीतून आला. सकाळपासून ज्याने काही खाल्लेले नाही, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे या शब्दात आधी भूक आहे, पदार्थ नंतर आले. रिसॉर्टच्या टेबलापाशी आपण नेमके हेच विसरतो.

दुसऱ्या दिवशी धीर करून मी आचाऱ्यांना आजीचा प्रश्न सांगितला. ते हसले, पण भांडी घासायला येणाऱ्या मावशींना त्यांनी ज्वारीच्या चाळीस लहान भाकऱ्या थापायला सांगितल्या. शेजारी ठेचा आणि दही ठेवले. मी आतल्या लहान ताटल्या काढून त्यांच्याजवळ रचल्या. पहिल्या दिवशी एकोणतीस भाकऱ्या गेल्या, अकरा उरल्या. त्या भांड्यातल्याच होत्या, कोणाच्या ताटलीतल्या नव्हेत. त्यामुळे त्या पिंपात गेल्या नाहीत. साडेदहाला आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून त्या खाल्ल्या. दोन महिन्यांत त्या जागेवर मी केलेला तो पहिला नाश्ता.

फी भरली आहे. पुढच्या सुट्टीत कोणी विचारले तर मी कोर्सचे नाव सांगणार नाही. आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी उतरलात, तर आधी एकदा टेबलाभोवती नुसती फेरी मारा, मग ताटली उचला. दुसऱ्यांदा उठायला कोणी मना करीत नाही. पोटही हलके राहील. भरल्या पोटी घसरगुंडीवर बसलेल्या पाहुण्यांचे हाल मी पाहिले आहेत.