अंगणातली सावली पुन्हा उभी करताना



वळवाच्या वाऱ्यात अंगणातलं जुनं झाड पडलं, की दोन दिवस सगळी आळी हळहळते. खोड विकलं जातं, फांद्या चुलीला जातात, जागा मोकळी होते. मग मे महिना येतो आणि झाड गेल्याचा खरा हिशेब सुरू होतो. तो हिशेब आपल्यालाच जास्त कळतो. धान्य निवडणं, भांडी घासणं, कुरडया घालणं, शेळ्या बांधणं, बाळाची झोळी, गटाची बैठक, सगळं त्या सावलीतच तर चालायचं!

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. एका दिवसात गेलेलं झाड उभं करायला वर्षं लागतात. म्हणून आज आपण बोलणार आहोत ते नव्या सावलीबद्दल.

काही घरांत म्हणतात, "झाड कशाला, पत्रा टाकू." पत्रा ऊन अडवतो हे खरं. पण तो स्वतः तापतो आणि ती धग खाली सोडतो. झाडाचं तसं नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन हवेत जातं आणि पानं गार राहतात. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं ना, तसंच हे.

आधी जागा ठरवा

मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. नंतर तो पश्चिमेकडे उतरतो आणि मावळताना थोडा उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे तीन ते सहाची भाजणारी उन्हं पश्चिमेकडून येतात. झाड त्या बाजूला हवं.

एक सोपी युक्ती सांगते. उन्हाळ्यातच, जिथं झाड लावायचं मनात आहे तिथं एक उंच बांबू उभा करा. चार वाजता त्याची सावली कुठे पडते ते पाहा. तुमची कामाची जागा किंवा तापणारी भिंत त्या सावलीच्या वाटेत आली, तर जागा बरोबर.

भिंतीपासून निदान १५ फूट सोडा. वरून विजेची तार जात नाही ना, खाली संडासाचा खड्डा किंवा पाण्याची पाइपलाइन नाही ना, तेही बघा. पाइपसाठी पुढे चर खणताना एका बाजूची मुळं तुटली, की झाड त्या बाजूनं कमजोर होतं आणि वाऱ्यात पडतं. जुन्या झाडाच्याच खड्ड्यात नवं लावू नका. तिथं बुंधा आणि मुळं कुजत असतात, वाळवी असते. आठ-दहा फूट सरकून लावा.

मग झाड निवडा

फुकट मिळालं म्हणून कुठलंही रोप लावू नका. कोरडवाहू भागात कडुनिंब आणि करंज ही भरवशाची झाडं. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं झडतात, पण लगेच नवी पालवी येते आणि ऐन मे महिन्यात सावली दाट असते. करंजाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. चिंच सावकाश वाढते, पण वाऱ्याला घट्ट उभी राहते; जागा मोठी असेल तर जरूर लावा. पाऊस चांगला असेल तिथं आंबा, जांभूळ आणि कोकणात फणस आहेच.

गुलमोहर दिसायला छान, पण फांद्या ठिसूळ आणि मुळं वरवरची. घराजवळ नको. वड-पिंपळाची मुळं भेगांत शिरतात, त्यांना देवळाजवळची मोकळी जागाच शोभते.

खड्डा आणि रोप

खड्डा उन्हाळ्यातच खणा, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. महिनाभर उन्हात तापू द्या. भरताना वरची चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड घाला. ताजं शेण घालू नका, त्याची उष्णता मुळांना बाधते आणि वाळवीही येते.

एक-दोन चांगले पाऊस झाले, जमीन आतपर्यंत भिजली, की लावा. रोप दोन-तीन फुटांचं असलं तरी पुरे. फार उंच रोपाची मुळं पिशवीत गोल गुंडाळलेली असतात. पिशवी कापून काढा. पिशवीत माती खोडाला जिथपर्यंत होती, तिथपर्यंतच भरा. आधाराला काठी द्या, पण चिंधीनं सैल बांधा. वर्षभरानं काठी काढा, म्हणजे खोड वाऱ्यात आपलं आपण बळकट होतं. खालच्या फांद्या लगेच छाटू नका, त्यांनीच बुंधा जाडावतो. शेळ्यांसाठी भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला.

खरी परीक्षा उन्हाळ्याची

मैत्रिणींनो, रोपं बहुतेक लावताना मरत नाहीत, पहिल्या उन्हाळ्यात मरतात. पहिले तीन उन्हाळे जपले, तर झाड आपलं.

रोज तांब्याभर पाणी घातलं तर वरची मातीच भिजते आणि मुळं वरच राहतात. त्यापेक्षा एकदाच दोन घागरी पाणी आळ्यात सोडा. मुरमाड जमिनीत चार-पाच दिवसांनी, काळ्या जमिनीत आठ-दहा दिवसांनी. आळ्यात पालापाचोळा किंवा उसाचं पाचट अंथरा, पण खोडाला टेकवू नका.

पाणी कमी असेल तर जुन्या माठाला तळाशी बारीक भोक पाडा, त्यात चिंधीची वात घाला. रोपापासून फूटभर लांब माठ गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून झाकण ठेवा. पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबण-सोड्याचं नको.

झाड मोठं होईपर्यंत काय करायचं? कामाच्या जागेवर बांबूचा मांडव घाला, त्यावर दोडका किंवा दुधी भोपळा चढवा. नव्या रोपापासून दूर एक शेवगा लावा. तो लवकर वाढतो, विरळ का होईना सावली देतो, शेंगाही देतो. फांद्या मात्र मोडक्या असतात, म्हणून त्याखाली झोळी बांधू नका.

गटानं मिळून रोपंही करता येतात. जून-जुलैत पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा करा, गर धुऊन काढा, बी सावलीत सुकवा आणि आठ-दहा दिवसांच्या आत पिशव्यांत लावा. निंबोळीचं बी फार दिवस टिकत नाही, ठेवून दिलं तर उगवत नाही.

शेवटी एक गोष्ट. झाड लावायला सगळं घर पुढे असतं, फोटोही निघतो. पाणी मात्र डोक्यावरून आपणच आणतो. म्हणून खड्डा खणण्याआधीच घरात सगळ्यांसमोर विचारा: दिवाळीपासून मृगापर्यंत पाणी कोण घालणार? वार वाटून घ्या. सोमवारी मुलगा, गुरुवारी घरधनी, असं ठरू द्या. सावलीत सगळेच बसणार आहेत, तर घागरही सगळ्यांनी उचलावी.