तांब्याचा डबा आणि आयनांची दिंडी

आमच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. इथल्या पोरांना तांबे म्हणजे घागर, नाहीतर विजेची तार. म्हणून वर्गात मी त्यांना कुलाब्याची गोष्ट सांगतो.

तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८८ साली पेलेट्रॉन हे यंत्र सुरू झाले. आयनांना, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या अणूंना, ते वेग देते. पण जड अणुकेंद्रे एकमेकांना जोराने दूर लोटतात. ती भिडायला तेवढा वेग पुरेना. मग पुढे अतिवाहक लिनॅक जोडला, तो २००७ साली पूर्ण झाला. त्यात तांब्याचे २८ पोकळ डबे आहेत, आतून मुलामा शिशाचा. (आपल्या घरांत कुणी शिसे म्हणते, कुणी सीस!) द्रव हेलियमने उणे २६९ अंशांच्या आसपास थंड केले, की शिशाचा विद्युतरोध जवळजवळ नाहीसा होतो. नुसत्या तांब्यात बरीच वीज उष्णतेतच गेली असती.

खरी कसरत पुढेच. डब्यातले विद्युतक्षेत्र सेकंदाला १५ कोटी वेळा उलटसुलट होते. आयन भलत्या क्षणी पोचला तर पुढे रेटला जाण्याऐवजी मागे ओढला जातो. म्हणून दिंडीसारखी शिस्त लावतात: पुढे पळणाऱ्याला धक्का कमी, रेंगाळणाऱ्याला जास्त. पण असा लांबीत आवळलेला थवा आडवा फाकू लागतो. त्याला चुंबकांनी सावरावे लागते.

कार्बनचा वेग वेगळा, सिलिकॉनचा वेगळा, तेव्हा प्रत्येक डब्याची वेळ स्वतंत्र लावतात. एखादा बिघडलाच, तर तो बंद ठेवून उरलेल्यांची वेळ पुन्हा बसवता येते. हे ऐकून मागच्या बाकावरची पोरे खुशीत हसली.