चोरीचं जनुक

विषाणूमुळे कॅन्सर होतो म्हटलं, की बाहेरून घुसून शरीरात परकं विष सोडणारा शत्रू डोळ्यांपुढे येतो. रक्तपेशींच्या बाबतीत ही कल्पना बरीचशी चुकीची आहे. ती चूक उघडी पडली ती मुख्यतः कोंबड्यांमुळे.

1908 मध्ये कोपनहेगनला एलरमन आणि बांग या संशोधकांनी ल्युकेमिया झालेल्या कोंबडीचा अर्क इतका गाळला, की त्यात एकही पेशी उरली नाही. तरीही तो टोचलेल्या निरोगी कोंबड्या आजारी पडल्या. फारसं कुणी लक्ष दिलं नाही, कारण ल्युकेमियाला तेव्हा कॅन्सर मानतच नसत! तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीबाबत तेच दाखवलं. त्यांना नोबेल मिळालं 1966 मध्ये.

मग कॅन्सर घडवणारं जनुक विषाणूचं स्वतःचं असतं का? राऊस यांच्या विषाणूतलं ‘सार्क’ जनुक घेऊन बिशप, वार्मस आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये दाखवलं, की त्याचाच भाऊबंद निरोगी कोंबडीच्या, बदकाच्या, अगदी एमूच्याही डीएनएमध्ये आहे. राऊस यांच्या विषाणूसारखे विषाणू, म्हणजे रेट्रोव्हायरस, आपल्या आरएनएची डीएनए नक्कल करून ती पेशीच्या डीएनएत घुसवतात. बाहेर पडताना क्वचित शेजारचं जनुकही त्यांच्याबरोबर जातं. मिब, मिक, एबल, अर्ब-बी ही सगळी जनुकं अशीच लंपास केलेली. विषाणूला स्वतःच्या वाढीसाठी त्यांचा काही उपयोग नसतो.

चोरलेली प्रत मात्र मूळ जनुकासारखी शाबूत राहत नाही.

कोंबड्यांमध्ये एरिथ्रोब्लास्टोसिस, म्हणजे कच्च्या तांबड्या पेशींचा ल्युकेमिया, घडवणाऱ्या विषाणूच्या एका प्रसिद्ध जातीत अशी दोन जनुकं आहेत. अर्ब-बी हे पेशीच्या पृष्ठभागावरच्या, वाढीचा संदेश घेणाऱ्या ग्राहीचं छाटलेलं रूप. संदेश आला नाही तरी ते ‘विभाजन कर’ असंच सांगत राहतं. अर्ब-ए हा थायरॉइड संप्रेरकाचा ग्राही, पण संप्रेरकाला दाद न देणारा. तांबडी रक्तपेशी पक्व व्हायला लागणाऱ्या जनुकांवर तो ठाण मांडून बसतो आणि त्यांना बोलू देत नाही. एकट्या अर्ब-बीनेही आजार होतो, पण त्या पेशी थोड्याफार पक्व होत राहतात. दोघं एकत्र आले, की पेशी बालपणातच अडकतात.

म्हणूनच ‘ल्युकेमिया म्हणजे पेशी वेगानं वाढणं’ ही व्याख्या अपुरी आहे. निरोगी अस्थिमज्जेतल्या पेशीही झपाट्यानं वाढतात, पण वेळ आली की पक्व होऊन थांबतात. मग ल्युकेमियाच्या पेशींची पक्व होण्याची क्षमताच गेलेली असते का? एरिथ्रोब्लास्टोसिसच्या विषाणूचा एक तापमान-संवेदी प्रकार आहे. त्याची लागण झालेल्या पेशी 37 अंशांवर वाढतच राहतात. तापमान 42 अंशांवर नेलं, की अर्ब-बीचं प्रथिन लुळं पडतं आणि याच पेशी हिमोग्लोबिन बनवत तांबड्या पेशींच्या वाटेला लागतात. परतीची वाट बंद झालेली नव्हती, हे या प्रयोगानं दिसलं.

हे वाचून कुणी ब्लड कॅन्सरच्या रुग्णाजवळ बसायला कचरत असेल, तर ते निराधार आहे. एका ताटात जेवल्यानं हा आजार लागत नाही. माणसात ल्युकेमियाशी थेट जोडलेला रेट्रोव्हायरस म्हणजे एचटीएलव्ही-1. त्यानं होणारा टी-पेशींचा आजार 1977 मध्ये जपानमध्ये वर्णिला गेला आणि त्याचे रुग्ण क्यूशू बेटावर विशेष आढळले. हा विषाणू मुख्यतः आईचं दूध, लैंगिक संबंध आणि रक्त यांतून पसरतो. वाहकांपैकी शेकडा पाचाच्या आसपास लोकांनाच, तेही बहुधा काही दशकांनी, हा कॅन्सर होतो. गंमत अशी, की याच्याकडे चोरीचं जनुक नाही. ‘टॅक्स’ हे त्याचं स्वतःचंच जनुक पेशीला चिथावतं.

उंदरांच्या एबल्सन विषाणूतल्या एबल जनुकाची कथा याच्या उलट. माणसाच्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि आपलं स्वतःचं एबल दुसऱ्या जनुकाला चिकटून बेलगाम होतं. विषाणू कुठेच नसतो. त्या प्रथिनाला वेसण घालणारी इमॅटिनिबची गोळी 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. भारतात तिच्या एका स्फटिकरूपावर नोव्हार्टिस या मूळ कंपनीनं मागितलेलं पेटंट सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2013 रोजी नाकारलं. त्यामुळे देशी कंपन्यांची कितीतरी स्वस्त गोळी इथल्या रुग्णांना मिळत राहिली.