मोडीचं वळण

माहूजहून हूरा गाडीने जेमतेम दहा मिनिटांवर. तिथलं 'बैत अल कुराण' हे संग्रहालय १९९० साली उघडलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मुलांना घेऊन जरूर जावं. कोनदार कूफी, गोलाईचं नस्ख, तांदळाच्या दाण्यावर कोरलेली अक्षरं! कामापुरतं लिहिणं कलेपर्यंत कसं पोचलं, ते तिथे डोळ्यांना दिसतं. मग साहजिकच मनात येतं, आपल्याकडे काय?

आपल्याकडे मोडी. कलम, दौत, दफ्तर हे शब्द मूळचे अरबस्तानाकडचेच, पण मोडीचं वळण आपलं. परंपरा तिचं श्रेय यादवांच्या हेमाद्री पंडिताला देते. तो वाद संशोधकांवर सोडू. पोथीसाठी बाळबोध होती. दासबोधात समर्थांनी लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिला आहे; अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं हवं, हा त्यांचा आग्रह. कारकुनाला एवढी सवड कुठली? खलिता लगेच निघायचा असे, वसुलीचा हिशेब तुंबलेला असे. म्हणून आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं गुंफत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही! तिरप्या कापलेल्या बोरूतून जाड-बारीक रेषा आपोआप उमटे. पेशवाईत तर चिटणिशी, महादेवपंती, रानडी अशी वेगवेगळी वळणं रूढ झाली. वळणदार अक्षराला मान होता, पण त्याला कला कोण म्हणणार? ते पोटापाण्याचं साधन.

१९१७ मध्ये मुंबई इलाख्याने कारभारासाठी बाळबोध स्वीकारली. छपाईलाही तीच सोयीची. पुढे मोडी शाळांतूनही गेली. आणि गंमत बघा, ती वाचणारे संपत आले तेव्हा तिच्यातलं चित्र दिसू लागलं. र. कृ. जोशी यांच्यासारखे अक्षराचे उपासक गुरू लाभलेल्या अच्युत पालव यांनी जे. जे.मधून बाहेर पडल्यावर मोडीचा अभ्यास केला आणि देवनागरीशी तिचा मेळ घालून 'मुक्तलिपी' घडवली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आनंदच आहे. तरी एक गोष्ट खटकते. हूऱ्यातल्या काचेमागचं नस्ख इथलं शाळकरी पोर वाचू शकतं, कारण त्याच्या पुस्तकातही तेच वळण असतं. आपली मोडी मात्र दिवाणखान्यात फ्रेममध्ये, आणि गावच्या ट्रंकेत पणजोबांचे जमिनीचे कागद न वाचलेले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर असे कागद कोटींनी आहेत.

२०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, पण हाताने गिरवण्याची मजा न्यारी. सुट्टीत मुलांकडून मुळाक्षरं सहज होतील. इथे बोरू मिळाला नाही तर अडू नका. अरबी सुलेखनाची कलमही तिरपीच कापलेली असते.