गाणं कुणाचं, नाव कुणाचं?

अमेरिकेत एखाद्या कृष्णवर्णीय गायिकेने कंट्री संगीताचा अल्बम काढला किंवा डिस्नेने जलपरीच्या भूमिकेसाठी कृष्णवर्णीय नटी निवडली, की समाजमाध्यमांवर रान पेटतं. त्याच्या ठिणग्या आपल्याकडेही पोचतात. एक बाजू म्हणते, गोऱ्यांनी सगळं चोरलं. दुसरी म्हणते, कलेला कसला आलाय रंग? दोन्ही वाक्यांना टाळ्या पडतात, पण इतिहास दोन्हींत अर्धाच असतो. तो नीट पाहिला तर बरेच समज बदलावे लागतात.

गैरसमज : तोंडाला काळं फासून केलेली नक्कल ही त्या काळची निरुपद्रवी गंमत होती.

वस्तुस्थिती : १८३० च्या सुमारास थॉमस राइस या गोऱ्या नटाने चेहऱ्याला काजळी फासली, फाटके कपडे चढवले आणि ‘जिम क्रो’ नावाच्या कृष्णवर्णीयाचं सोंग आणलं. ते तुफान चाललं. पुढच्या दशकात अशा सोंगांच्या ‘मिन्स्ट्रेल’ मंडळ्या उभ्या राहिल्या आणि गावोगाव खेळ करू लागल्या. आळशी, बावळट, मालकावर खूश असलेला गुलाम हे त्यांचं ठरलेलं पात्र. दक्षिणेत गुलामगिरी कायदेशीर असताना हे चित्र तिकीट लावून विकलं जात होतं. पुढे वर्णभेदाचे कायदे आले, तेव्हा त्यांनाही ‘जिम क्रो’ हेच नाव पडलं.

खरी मेख पुढेच आहे. कृष्णवर्णीय कलावंतांना रंगमंचावर यायचं, तर याच साच्यातून यावं लागे. बर्ट विल्यम्स हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा ब्रॉडवेवरचा गाजलेला विनोदी नट. तो स्वतः कृष्णवर्णीय होता, तरीही काजळी फासूनच उभा राहायचा. बोलपटांचं युग सुरू करणाऱ्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये (१९२७) नायक अल जोल्सन काळं फासून गातो. १९२८ पासून रेडिओवर गाजलेल्या ‘एमॉस अँड अँडी’तल्या दोन कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज दोन गोरे नट काढत होते.

गैरसमज : १९४० मध्येच कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळालं, म्हणजे हॉलिवूडची दारं तेव्हाच उघडली.

वस्तुस्थिती : हॅटी मॅकडॅनियलला ‘गॉन विथ द विंड’मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, हे खरं. पण १९३९ च्या डिसेंबरमध्ये अटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा ती हजर नव्हती, कारण जॉर्जिया राज्यात वर्णभेदाचे कायदे होते. ऑस्करचा समारंभ लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात झाला, तिथेही तिला बाकीच्या कलाकारांसोबत न बसवता भिंतीलगतचं वेगळं टेबल दिलं गेलं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी दुसरी कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग, आणि ते साल होतं १९९१. प्रमुख अभिनेत्रीचं पारितोषिक हॅली बेरीला २००२ मध्ये मिळालं.

एवढा उशीर गुणवत्तेअभावी झाला नाही. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी स्वतःसाठी बनवलेल्या ‘हेज कोड’ या नियमावलीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींमधले शरीरसंबंध पडद्यावर आणायला मनाई होती. ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. नायक गोराच असायचा, मग कृष्णवर्णीय नायिका यायची कुठून? एमजीएम स्टुडिओत लीना हॉर्नची गाणी अनेकदा कथेपासून सुटी ठेवून चित्रित केली जात. दक्षिणेतल्या चित्रपटगृहांत ती कापून टाकली, तरी गोष्टीला धक्का लागू नये अशी ती सोय होती.

गैरसमज : एल्विस प्रेस्लीने कृष्णवर्णीयांचं संगीत चोरलं. विषय संपला.

वस्तुस्थिती : इथे प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. ‘हाउंड डॉग’ हे गाणं बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि १९५३ मध्ये ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे अव्वल राहिलं. मात्र ते तिने लिहिलेलं नव्हतं. जेरी लीबर आणि माइक स्टोलर या विशीच्या उंबरठ्यावरच्या दोन गोऱ्या ज्यू तरुणांनी ते खास तिच्यासाठी रचलं होतं. एल्विसने ते लास व्हेगासमधल्या एका गोऱ्या बँडकडून उचललं. त्याच्या तोंडी घातलं जाणारं कृष्णवर्णीयांबद्दलचं एक कुप्रसिद्ध वाक्य तर अफवाच ठरली. १९५७ मध्ये ‘जेट’ या कृष्णवर्णीयांच्या नियतकालिकाने तिचा छडा लावायचा प्रयत्न केला आणि हाती पुरावा लागला नाही.

म्हणजे सगळं आलबेल होतं का? नाही. एल्विसचं ‘हाउंड डॉग’ जगभर गेलं. त्या गाण्यापोटी आपल्याला जेमतेम ५०० डॉलर मिळाले, असं थॉर्नटन सांगत असे. ‘डोन्ट बी क्रुएल’ लिहिलं ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकाराने, पण तबकडीवर सहगीतकार म्हणून एल्विसचंही नाव लागलं. तशी वाटणी मान्य केली तरच गाणं घेतलं जाई. लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ पॅट बून या गुळगुळीत गोऱ्या गायकाने पुन्हा गायलं आणि १९५६ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत मूळ गाण्याच्याही वर चढलं. दोष एका गायकाच्या स्वभावात शोधत बसलं की ही सगळी व्यवस्था नजरेआड होते.

गैरसमज : कायदा मोडला नाही, म्हणजे अन्याय झाला नाही.

वस्तुस्थिती : ही व्यवस्था कायद्याच्याच आधाराने चालत होती. अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, एकदा ध्वनिमुद्रित झालेलं गाणं ठरावीक शुल्क भरून कुणालाही पुन्हा गाता येई. शुल्क जाई गीतकार-संगीतकाराच्या प्रकाशकाकडे. पहिल्यांदा गाणाऱ्याने त्यात आणलेली लकब, ठेका, आरोळी यांना कायद्याच्या लेखी मोल नव्हतं. ध्वनिमुद्रणाला स्वतःचं संघराज्यीय संरक्षण मिळालं ते १९७२ मध्ये.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टुडिओत ‘एमबुबे’ गायलं. किरकोळ मोबदल्यावर त्याचे हक्क कंपनीकडे गेले. तीच चाल १९६१ मध्ये ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ बनून अमेरिकेत गाजली, आणि १९९४ मध्ये डिस्नेच्या ‘द लायन किंग’मधून घराघरांत पोचली. लिंडा १९६२ मध्ये कफल्लक अवस्थेत वारला. त्याच्या मुलींच्या वतीने लढणाऱ्या वकिलांना आधार सापडला तो ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या कायद्यात : रचनाकाराच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतात. त्या बळावर २००६ मध्ये तडजोड झाली आणि कुटुंबाला रॉयल्टी मिळाली.

गैरसमज : कंट्री हे गोऱ्यांचं संगीत, कृष्णवर्णीय तिथे घुसखोरी करतात.

वस्तुस्थिती : कंट्रीची ओळख असलेला बँजो आला पश्चिम आफ्रिकेच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांवरून. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी तो अमेरिकेच्या मातीत घडवला. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ओप्री’ या विख्यात रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या ताऱ्यांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं गेलं. कंट्री संगीताच्या मानवंदना सभागृहात त्याचं नाव लागलं ते २००५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

भिंत घातली ती बाजाराने. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दक्षिणेतल्या संगीताच्या दोन याद्या केल्या, कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस’ आणि गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. खेड्यांत एकमेकांचं ऐकून वाढलेलं संगीत दुकानात वेगवेगळ्या कप्प्यांत गेलं. २०१९ मध्ये लिल नॅस एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून वगळलं. मुख्य यादीत मात्र ते १९ आठवडे पहिलं राहिलं. २०२५ मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत.

गैरसमज : कृष्णवर्णीय नायकांचे चित्रपट जगात चालत नाहीत.

वस्तुस्थिती : ‘ब्लॅक पँथर’ने (२०१८) जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. जॉर्डन पीलचा ‘गेट आउट’ (२०१७) सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये बनला आणि त्याने २५ कोटींचा टप्पा ओलांडला. तरीही त्याच्या जेमतेम काही वर्षं आधी, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं ऑस्करच्या अभिनय विभागांतली वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना गेली होती. प्रेक्षक तयार होते, निवडणारे नव्हते.

गैरसमज : मग दुसऱ्यांच्या कलेला हातच लावायचा नाही, असंच ना?

वस्तुस्थिती : असं कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं तर आपल्या निम्म्या चित्रपटसंगीतावर पाणी सोडावं लागेल. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले. गोव्याचे ख्रिस्ती वादक त्यांचं ऐकत, त्यांच्यासोबत वाजवत जॅझ शिकले. त्यांतलाच चिक चॉकलेट ‘मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’तल्या (१९५१) गाण्यांना जो झोका आहे, त्यात त्याचा हात होता. ही देवाणघेवाण होती. गुरू कोण, हे शिष्य उघडपणे सांगत होते.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या ज्या गोवेकरांनी हिंदी गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले, त्यांची नावं कित्येक वर्षं श्रेयनामावलीत एक तर येत नसत किंवा ‘सहायक’ म्हणून कोपऱ्यात बसत. म्हणून असा वाद पुन्हा पेटला, की गाणाऱ्याचा रंग पाहण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. नाव कुणाचं छापलं? पैसा कुणाकडे गेला? मूळ कलावंताला त्याच मंचावर उभं राहता आलं का? हे प्रश्न एल्विसच्या मेम्फिसला लागू आहेत, तितकेच दादर-अंधेरीच्या स्टुडिओंनाही.