तारपावाला कुठे गेला?

स्वच्छ सर्वेक्षणाचं पथक येणार म्हटलं की महापालिकांना सगळ्यात आधी भिंती आठवतात. यंदाही उड्डाणपुलांचे खांब गेरू रंगानं माखले आणि त्यांवर पांढरी वारली माणसं नाचायला लागली. आमच्या घराजवळच्या पुलाखाली तर अख्खा संसारच उतरलाय: मेट्रो, टॉवर, मोर, नांगर, भाताची आवणी. लांबून झकास दिसतं. जवळ गेल्यावर कळतं, सगळी माणसं एकाच मापाची. पत्र्याचा छाप धरून स्प्रे मारलेला.

चित्रात शहर घुसलं म्हणून माझी तक्रार नाही. वारली चित्रकार स्वतःच आगगाड्या, बसगाड्या काढत आलेत. तक्रार वेगळी आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हे चित्र शोभेचं नव्हतंच मुळी. लग्नघरची कुडाची भिंत शेणानं सारवायची, गेरूचा हात फिरवायचा आणि मग सवासिणी चौक काढायच्या. चौकात पालघाट देवी. लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी आणि हा चौक असल्याशिवाय लग्न लागायचं नाही. रंग कुठला? तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. शेती हा त्या चित्राचा नुसता विषय नव्हता. शेतातला भातच भिंतीवर चढत होता. अॅक्रिलिकच्या डब्यात ते कुठून येणार?

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद नेला आणि बायकांच्या या कलेत एक पुरुष पुढे आला, जिव्या सोमा म्हसे. लग्न नसतानाही ते रोज काढत. २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहा. हजारो बारीक रेघा, पण एकही दुसरीसारखी नाही. जाळं वाऱ्यावर हलतंय असंच वाटतं.

त्यांच्या तारपानाचातही असंच. भोपळ्याचा तारपा फुंकणारा मधोमध, आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती. त्याच्याकडे पाठ करायची नाही. तो वळेल तशी रांग वळते, म्हणून ते वर्तुळ बंद नसतं. शेपूट सुटं राहतं, शंखासारखं गुंडाळत जातं.

पुलाखालच्या खांबावर मात्र कंपासनं मारलेला गच्च गोल. आणि मधे कोणीच नाही. वीस-बावीस माणसं रिकाम्या जागेभोवती फिरतायत.

शिडीवरच्या पोराला विचारलं, तारपावाला राहिला का रे? त्यानं खिशातून मोबाइल काढला, मूळ चित्र दाखवलं. त्यात होता की, चांगला पाय रोवून उभा.

‘‘मधली जागा सोडायला सांगितलीय, काका,’’ तो म्हणाला. ‘‘तिथं घोषणा येणार. अक्षरं काढणारा उद्या येतोय.’’